बांड्या अजून वर हाय

यंदा राब भाजायच्या दिवशी नातवाने मला मोटारसायकलवर बसवून माळाच्या कडेला आणून सोडलं. चालत येतो म्हणालो होतो, ऐकलं नाही. आंब्याच्या सावलीत एक पाटी पालथी घालून मला तिच्यावर बसवलं आणि म्हणाला, "इथनं हलू नका." मी हलणार नव्हतोच. पण त्याने सांगितलं म्हणून पाटी उचलली आणि चार हात पुढे जाऊन बसलो.

माळ आता निम्माही उरला नाही. मुरबाडच्या अंगाला तारेचं कुंपण पडलंय, आत कुणाकुणाचे बंगले उठलेत, त्यांच्या कुत्र्यांना आमच्या गुरांचा राग येतो. तरी करवंदीची जाळी अजून आहे. खिंड आहे. खिंडीच्या वर, हवा स्वच्छ असली तर माहुलीचे सुळके दिसतात तेही आहेत. आणि माळाच्या मधोमध चार-दोन धोंडे आहेत, त्यांच्या खाचीत अजून चुना सापडतो. नखाने खरवडला तर नखाला लागतो. मी खरवडून पाहिलाय.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांना सांगतो. भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन पावसाच्या आधी भाजावी लागते. खाली शेण, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे सुका पाला, गवत आणि वरून चाळल्यासारखी बारीक माती. वारा ज्या दिशेला जातो त्या कडेला पेटवायचा. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट चालते, हळूहळू, शेळी चरत जाते तशी. जमीन खोल भाजते, तणाचं बी मरतं, रोप काळंभोर हिरवं येतं. राब कच्चा राहिला तर रोप पिवळं, रोप पिवळं तर लावणी बुडाली, लावणी बुडाली तर वर्ष बुडालं. राबाचा धूरही निराळा असतो. शेणाचा कडवट, पातेऱ्याचा गोडसर, आणि शेवटी ओल्या फांदीचा डोळ्यांत जाणारा. चैत्रात त्यात मोहाच्या फुलांचा वास मिसळला की डोकं जड होतं आणि भूकही लागते. दोन्ही एकदम.

विमानं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मिसरूड फुटायचं होतं. माझा बा गोऱ्हे शिकवायचा. चार गावचे लोक आपले अडेल गोऱ्हे त्याच्याकडे आणून बांधायचे, आणि तो जुन्या बैलाशेजारी नवा जुंपून त्याला सरळ करायचा. ओरडायचा नाही. कल्याणच्या बाजूला लष्कराच्या विमानांचा खेळ आहे असं कळलं, तेव्हा बा म्हणाला जाऊ. बैलगाडीने निघालो. भाकऱ्या, सुकटीची चटणी, बैलांना पेंढा. मैदानात जत्रेएवढी माणसं आणि कसलातरी उग्र वास. नंतर कळलं ते विमानाचं तेल. तो वास पुढे आमच्या माळावर आला तेव्हा मी लगेच ओळखला.

तीन विमानं होती, दुहेरी पंखांची, चंदेरी. पंखाला पंख दोरीने बांधलेले. दोरीला बारक्या पताका. तशी बांधलेलीच ती जमिनीवरून पळाली, उडाली, वर जाऊन उलटी झाली, पोटं आभाळाकडे, आणि पुन्हा सरळ होऊन खाली उतरली. माणसं टाळ्या वाजवत होती. बाने वाजवल्या नाहीत. तो गर्दी सारत दोरखंडापर्यंत गेला आणि तिथल्या शिपायाला म्हणाला, "ते दावं तुटलं का, ते बगू दे."

शिपाई म्हणाला, "मागे हो म्हातारबा."

"तुटलं नाय," बा माझ्याकडे वळून म्हणाला. त्याची नजर लांबची चांगली होती. "गाठपन सुटली नाय. शिकवनारा चांगला असनार."

घरी आल्यावर आईने विचारलं, काय बगलं. तो म्हणाला, "तीन बैल." त्यानंतर गोऱ्ह्यांना शिकवताना तो कधीकधी दाव्याला चिंधी बांधायचा. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाला विचारायची आमच्यात रीत नव्हती.

बा गेला, लढाई सुरू झाली, माझं लग्न झालं. ठमी शहापूरच्या बाजूची, तानशाच्या पाण्याजवळच्या गावची. बोलण्यात मला आवरायची नाही. लढाईच्या शेवटी शेवटी कल्याणकडे विमानांचा तळ झाला होता, आणि एका चैत्रात पाच विमानं सकाळची आमच्या माळावर येऊ लागली. ही एकेरी पंखांची, मातकट हिरवी, आवाजाने काळजाला भोक पाडणारी. पहिल्या दिवशी गुरं उधळली, कोंबड्या कणगीखाली दडल्या, आणि आमच्या चांगोची म्हातारी देवाला बोकड बोलून बसली. मग मोटार आली. साहेब खाली उतरला, बरोबर आमचा कोतवाल. शिपायांनी माळाच्या मधोमध धोंडे गोल रचून चुन्याने रंगवले. विमानांना वरून मध्य कळावा म्हणून. बाकी माळावरचे धोंडे वेचून बाजूला टाकले, एखादं विमान खाली यायची पाळी आली तर यावं म्हणून. शहरात मोठा खेळ व्हायचा होता, त्याची ही तालीम.

कोतवालाने साहेबाचं म्हणणं सांगितलं. विमानं वर असताना धूर करायचा नाही. ती गेली की करा.

मी म्हणालो, "माझ्या राबाला साहेबाचा हुकूम?"

"हुकूम नाय रे, विनंती हाय."

"विनंती हाय तर मोटारीत बंदुकवाला कशाला?"

कोतवाल म्हणाला, "तू गप बस. तुला दुसरी शिकवली तीच चूक झाली."

अडचण धुराची नव्हती, वेळेची होती. विमानं उन्हं वर येईपर्यंत खेळायची. दुपार झाली की वारा सुटतो, आणि सुटलेल्या वाऱ्यात आग वरच्यावर पळून जाते, जमीन कच्ची राहते. विमानं गेली आणि वारा यायचाय, तेवढ्या मधल्या वेळात राब पेटवायचा. म्हणून गावाने एक रीत पाडली. चांगो गुरं घेऊन खिंडीत असायचा. विमानं कल्याणला परत जाताना खिंडीवरूनच जायची, खाली, रांगेने. चांगो गुरं मोजावी तशी मोजायचा. पहिला गेला. दुसरा गेला. शेवटचा गेला की तो हाक टाकायचा. ती हाक मधल्या शेतातला गोमा पुढे द्यायचा. मग प्रत्येकाने आपल्या राबाजवळ उभं राहून वर पाहायचं आणि विचारायचं, "सगले गेले का?" कुणीतरी म्हणायचं, "गेले." मगच आगटं लावायचं.

बैलांसारखी मोजायची म्हटल्यावर त्यांना नावंही बैलांची पडली. पुढे असायचा तो ढवळ्या, त्याच्या नाकाडावर पांढरा पट्टा होता. शेवटचा बांड्या. बांड्या जरा मागे राहायचा, वळताना बाहेर जायचा, मग घाईघाईने रांगेत घुसायचा. चांगो म्हणायचा, "याच्या गल्यात लोढनं बांधायला पायजे." बायका पाणी भरता भरता थांबून पाहायच्या. पाचही विमानं एका रेघेत वर चढायची, चढता चढता उलटी व्हायची, आणि वरून कर्दळीचं फूल उमलावं तशी पाच दिशांना सुटायची. सुटलेली पुन्हा चुन्याच्या गोलावर एकत्र यायची. पहिले काही दिवस जमलं नाही. एक आधी यायचं, दोन उशिरा. मग जमायला लागलं. शहरातल्या लोकांनी नंतर तो खेळ खुर्च्यांवर बसून पाहिला म्हणतात. त्यांनी लग्न पाहिलं. आम्ही बोलणी, रुसवे, मांडव, सगळं पाहिलं.

ठमी म्हणायची, "बांड्याला आज बरं जमलं हो." जेवताना सांगायची, घरातल्या माणसाचं सांगावं तसं. मी म्हणायचो, आपल्याला काय त्याचं. पण ऐकायचो.

त्या वर्षी माझा राब सगळ्यांत मोठा होता आणि माळाला लागून होता. वारा माळाकडे जायचा, तेव्हा पेटवायची कडही माळाकडचीच. चैत्र सरत आला. दोन दिवस माहुलीच्या अंगाला ढग धरत होते. वळीव पडला असता तर सगळं भिजून चिखल झाला असता. मी ऐन तोडायला महिनाभर झाडांवर चढलो होतो. ठमीने शेण डोक्यावरून वाहून खांद्याची सालं काढली होती. त्या दिवशी गावात कुणीही राब उद्यावर टाकणार नव्हतं.

विमानं आली, खेळली, फूल उमललं, पाचही पाच दिशांना गेली. त्या दिवशी ती परत गोलावर आली नाहीत. एकेकटीच, वेगवेगळ्या बाजूंनी खिंडीकडे निघाली. चांगोने मोजायला सुरुवात केली. एक गेला. दोन. तीन, चार. मग थोड्या वेळाने पाच. हाक आली. गोमाने पुढे दिली.

ठमी घरच्या चुलीतला निखारा गोवरीच्या तुकड्यावर घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात पाण्याची कळशी, कडेने आग सुटली तर असावी म्हणून. मी वर पाहिलं. "सगले गेले का?"

गोमा म्हणाला, "गेले, गेले. लाव आता, वारा येतोय."

लावलं. पातेरा चरचरला, धूर खाली वाकला आणि माळावर पसरत गेला, चुन्याचा गोल झाकून. आग शेळीसारखी चालायला लागली. मला बरं वाटलं. पुढच्या राबांवरही धूर दिसायला लागला.

तेवढ्यात डोंगराच्या मागनं आवाज आला. विमानाचाच, पण तुटक. खोकल्यासारखा. थांबायचा, पुन्हा यायचा. ठमीने मान वर केली.

"अवो," ती म्हणाली, "बांड्या अजून वर हाय."

डोंगरावरून तो आला, इतका खाली की पोटावरचा तेलाचा ओघळ दिसला. माळावर उतरायलाच आला होता. आणि माळ होता कुठे? पांढऱ्या-निळ्या धुराखाली. तो वरून गेला, लांब वळला. इंजिन पुन्हा खोकलं.

ठमीने कळशी आगीवर उपडी केली.

मी ओरडलो, "राब कच्चा राहील गो."

"वर मानूस हाय," ती म्हणाली, आणि पदर खोचून हातांनी आगीवर माती ओढायला लागली.

पुढे जन्मभर तिने मला ऐकवलं, की तुमी आधी राबाकं पायलं. पाहिलं. राब माझा होता, महिनाभर मी झाडावर होतो, आधी तोच दिसणार. पण मग मी ऐनाची ओली डहाळी उचलली आणि झोडपायला लागलो. पेटलेला राब विझवणं हे काम आमच्याकडे कुणी कधी केलेलं नव्हतं. पेटवायची अक्कल होती, विझवायची नव्हती. झोडपलं की धूर आणखी उसळायचा. गोमा आला, त्याची पोरं आली, कोतवाल डोक्याचं मुंडासं सोडून आला. माती, शेण, पाय, जे मिळेल ते. माझ्या पायाच्या बोटांना तेव्हाचे डाग अजून आहेत. वर बांड्या दुसऱ्यांदा येऊन गेला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा इंजिनाचा आवाजच नव्हता. नुसता वाऱ्याचा, सूप पाखडल्यासारखा.

धूर विरळ होऊन माळाच्या पार कडेला सरकला होता. गोलाचे दोन धोंडे उघडे पडले होते, तेवढेच. त्या दोन धोंड्यांवर नजर ठेवून तो उतरला. आपटला, उसळला, पुन्हा टेकला, आणि पळत पळत करवंदीच्या जाळीत नाक खुपसून थांबला. तापल्या इंजिनाने भाजलेल्या करवंदीच्या पानांचा आणि तेलाचा वास आला.

वरचं झाकण सरकलं आणि एक पोरगेला माणूस उतरला. गोरा साहेब नव्हता, आपल्याच देशातला, उत्तरेकडचा कुठला तरी. तोंडभर तेल. चालत आला आणि माझ्या राबाच्या बांधावर बसला. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले. ठमीने दुसऱ्या राबावरून पाणी आणलं. त्याने ओंजळ पुढे केली, तिने वरून ओतलं. तो प्यायला, मग तोंड धुतलं, मग पुन्हा प्यायला.

चांगो खिंडीतनं पळत आला, गुरं तशीच सोडून. "मी पाच मोजले," तो म्हणाला. "आईशपथ पाच मोजले."

कोतवालाने मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं. तो माणूस म्हणाला, मी मागे राहिलो म्हणून आमचा पुढारी डोंगराला वळसा घालून मला शोधायला परत आला होता. त्याला मी दिसलो नाही. तो पुन्हा गेला.

म्हणजे ढवळ्या दोनदा मोजला गेला. खालून पोटं सगळ्यांची सारखीच. गुरं मोजतानाही असं होतं. एक बैल चुकलेल्यासाठी मागे फिरतो, पुन्हा खिंडीतून जातो, आणि गुराखी घरी येऊन सांगतो सगळी आली. चांगो बोटांवर पुन्हा पाच मोजायला लागला. कुणी त्याला बोल लावला नाही. मागे फिरणारा बैल कळपात असतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्या माणसाने राबाकडे पाहिलं. निम्मा काळा, निम्मा तसाच. त्याचा चेहरा पडला. कोतवालाला म्हणाला, माझ्यामुळे यांचं एवढं जळून गेलं.

कोतवालाने आम्हाला सांगितलं. ठमीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. धुराचंही असेल. ती म्हणाली, "त्याला सांगा, जल्लं ते बरं झालं. नाय जल्लं ते वायट."

हे त्याला पटवून देता देता कोतवाल घामाघूम झाला. समजलं की नाही कोण जाणे. पण तो उठला, न जळलेल्या अर्ध्याकडे गेला, खिशातून काड्यांची पेटी काढली आणि माझ्याकडे पाहिलं, पेटवू का असं. वारा तोवर सुटला होता. मी नको म्हणून मान हलवली. त्याने पेटी माझ्या हातात दिली. ती मी घेतली.

दुपारी मोटार आली, माणसं आली. विमान जाळीतून निघेना. साहेब म्हणाला बैल आणा. चार जणांनी आपापले बैल पुढे केले. मी म्हणालो, माझ्या जाळीत अडकलंय, माझेच बैल ओढतील. बाने शिकवलेले होते, म्हातारे झाले होते, पण एकाही हिसक्याशिवाय त्यांनी त्याला मागे आणलं. चांगो हळूच म्हणाला, "बांड्याला अखेर दावं लागलं." तेवढं बोलल्यावर तो जरा माणसात आला.

सांजेला वळीव पडला. कच्चा अर्धा भिजून गेला.

मृगात पेरलं तेव्हा माळाकडच्या अर्ध्यात झिनी भाताचं रोप दाट उठलं, आणि मधल्या रेघेच्या अलीकडे पिवळं, तणात बुडालेलं. सुरी मारावी तशी रेघ. ठमी रोज गुडघ्यावर बसून तण उपटायची, पाऊस पाठीवर घेत. लावणीच्या वेळी एका पहाटे बांधावर रोपाच्या जुड्या ठेवलेल्या दिसल्या. पावलं चांगोच्या घराकडून आलेली. मी त्यांना हात लावला नाही. मला कुणाचं नको होतं. ठमीने मला न विचारता त्या लावून टाकल्या. त्या तुकड्याचा भात मी खाल्ला. चव सारखीच होती.

बांड्या उतरला त्या दिवसानंतरही विमानं थोडे दिवस आली. चारच. पाचव्याची जागा रिकामी ठेवून उडायची, दात पडल्यासारखी. मग एका सकाळी पुन्हा पाच आली. फूल उमललं, गोलावर मिळालं, अगदी सरळ. त्यांतला शेवटचा वळताना बाहेर गेला आणि घाईघाईने आत घुसला. ठमी हातातली घागर घेऊन तशीच उभी राहिली. "तोच हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, एवढ्या खालून कसं कळणार. पण तोच होता. मग खेळ शहरात गेला, लढाई संपली, तळावरची माणसं पांगली. त्या तुकडीचं पुढे काय झालं, पाचही जण कुठे गेले, मला कुणी सांगितलं नाही. खाचीतला सोडला तर धोंड्यांवरचा चुना दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन गेला.

रीत मात्र राहिली. आमच्या गावात अजून राबाला आगटं लावण्याआधी वर पाहतात आणि विचारतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. नातवाला विचारलं तर म्हणाला, "असंच विचारतात, आजोबा." मी सांगितलं नाही. विचारणाऱ्याने नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. इतकी वर्षं ठमी विचारायची आणि मी उत्तर द्यायचो. दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेली.

यंदा नातसून निखारा घेऊन उभी राहिली. माझ्या खिशात काड्यांची पेटी होती, तीच, रिकामी. नातसुनेने रीतीप्रमाणे मान वर केली, पण पाहिलं नाही. "आजोबा, सगले गेले का?"

मी पाहिलं. माहुलीच्या वर, खूप उंच, एक विमान मुंबईकडे निघालं होतं. पांढरी रेघ ओढत.

"थांब. एक हाय वर."

नातू हसला. "अवो आजोबा, ते केवढं उंच हाय. आपला धूर त्याला पोचतो का?"

"थांब म्हनलं ना."

वारा यायला झाला होता. नातसून निखाऱ्यावर फुंकर घालत राहिली. गोवरीचा वास आला. रेघ खिंडीच्या वर आली, खिंड ओलांडली, कल्याणच्या अंगाला पातळ होत गेली. आवाज संपेपर्यंत मी कान देऊन बसलो. मागे कुणी वळलं नाही, हेही पाहिलं.

"गेला," मी म्हणालो. "लाव आता."